डाव्या खांद्याची गादी

"हा ब्लाऊज कुणी शिवलाय?"

सिस्टर पडद्याआडून बाहेर आली तेव्हा विजयमालाचा ब्लाऊज तिच्या तळहातावर होता. बाहेर बाकावर दोघे बसले होते. एक विजयमालाचा बाप, भिंगारच्या बाजारातला शिंपी पुंजाराम माळवदे. दुसरा तिचा नवरा उत्तमराव, संगमनेर डेपोचा एसटी कंडक्टर. उत्तमरावाने सासऱ्याकडे पाहिलं आणि सासऱ्याने भिंतीवरच्या कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाकडे.

"म्या शिवला," पुंजाराम म्हणाला.

"मग एवढा कापूस कशाला भरलाय यात? डाव्या खांद्यात गादी, पाठीला अर्ध्या भागात रजईसारखं अस्तर. त्या बाईच्या अंगावर घामोळं उठलंय नुसतं."

आपल्या शिलाईबद्दल कुणी विचारलं की पुंजाराम एरवी हातातलं काम टाकून सांगत बसायचा. ऐकणारा कंटाळला तरी त्याचं मुंढा कसा कापला, कळी कुठे जोडली, हे चालूच असायचं. आज मात्र त्याने एकच शब्द काढला.

"फिटिंगसाठी," तो पुटपुटला.

सिस्टरने मान हलवली आणि ब्लाऊज घेऊन ती परत आत गेली. नगरच्या त्या दवाखान्यात महिन्यातून एकदा पुण्याहून हाडांचे डॉक्टर येत. त्यांच्याकडे जाणाऱ्या कुठल्याशा प्रवाशाने उत्तमरावाला गाडीत ही बातमी दिली होती, आणि म्हणून आज ही तिघं इथे आली होती. याआधी विजयमालाला तीन-चार डॉक्टरांनी तपासलं होतं. पण चोळी काढा म्हणणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं.

*

भिंगारच्या शिंप्यांचं पोट लष्करावर. पुंजारामने विशीत एका उस्तादाच्या हाताखाली वर्द्या शिवायला सुरुवात केली, आणि त्याचं नाव झालं ते एका साहेबाच्या कोटामुळे. साहेब घोड्यावरून पडलेला, एक खांदा कायमचा उतरलेला. कुठलाही कोट घातला तरी एका बाजूने लोंबायचा. पुंजारामने त्या खांद्यात कापसाची गादी अशी बेमालूम बसवली, की परेडला साहेब उभा राहिला तर दोन्ही खांदे एका रेषेत. साहेबाने खूश होऊन त्याची पाठ थोपटली. तेव्हापासून पुंजाराम जो भेटेल त्याला ऐकवायचा, "मानूस वाकडा असला तर तो देवाचा दोष. कापड वाकडं दिसलं तर शिंप्याचा."

बोलायला छान वाक्य होतं. ते घरात शिरेल असं त्याला वाटलं नव्हतं.

विजयमाला वाढीला लागली त्या वर्षी दिवाळीचं पोलकं तिला नीट बसेना. पाठीकडून एक बाजू वर चढायची. पुंजारामला आधी वाटलं, आपलीच कातर चुकली. त्याने टीप उसवली, पुन्हा घातली. पोलकं पुन्हा वर. मग त्याने पोरीला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मानेपासून कंबरेपर्यंत टेप सोडली. कणा टेपेखालून बाजूला सरकत गेला होता, मधेच कुठेतरी वळला होता आणि खाली जाऊन पुन्हा टेपेला मिळत होता. उजव्या खांद्याचा फरा वर आलेला, डावा खांदा खाली. पुंजारामने टेप गळ्यात टाकली आणि पोरीला खेळायला पाठवलं.

"दाखवायचं का कुनाला?" भागूबाईने, त्याच्या बायकोने विचारलं.

"दाखवलं की गावभर झालं."

"पर वाढलं तर?"

"पोरीची जात हाय. लगीन व्हायचंय. झाकली मूठ सव्वा लाखाची," पुंजाराम म्हणाला आणि त्याने कापसाची पिशवी खाली काढली.

भागूबाई दोन दिवस धुसफुसली आणि गप्प झाली. पुंजारामने मात्र जीव ओतून काम केलं, हे कुणालाही कबूल करावं लागेल. साहेबाच्या कोटाला जेवढं लक्ष दिलं नसेल तेवढं त्याने त्या पोलक्याला दिलं. गादी हाताला लागू नये म्हणून कडेने पातळ करत आणली. पाठीच्या खोलगट बाजूला अस्तर भरलं. पोरीच्या अंगावर ते पोलकं चढलं आणि तिची पाठ सरळ झाली. बाप हरखला. आपण पोरीला बरं केलं, असंच त्याला त्या दिवशी वाटलं असावं.

"तुझा खांदा जरा पडका हाय," त्याने विजयमालाला सांगितलं. "म्हनून गादी घातली. ह्ये कुनाला बोलायचं न्हाई. उद्या नवऱ्याला बी न्हाई."

पोर आज्ञाधारक होती. नाही बोलली.

पुढे संगमनेरचं स्थळ आलं. मुलाची आई साळूबाई पारखी बाई. तिने विजयमालाला चालवून पाहिलं, हात उलटेसुलटे पाहिले, तांदूळ निवडायला दिले, चार ओळी वाचून घेतल्या. पाठ काही तिने पाहिली नाही, आणि पाहिली असती तरी तिला पुंजारामचं कसब दिसलं असतं. लग्न झालं. पुंजारामने आणि भागूबाईने पोरीचे आणि जावयाचे पाय धुतले, पाणी डोळ्यांना लावलं. त्यानंतर दर पंचमीला आणि दर दिवाळीला भिंगारहून संगमनेरला नवे ब्लाऊज जाऊ लागले. सासरच्या बायका म्हणायच्या, बाप शिंपी असावा तर असा. दर वर्षी गादी थोडी जाड करावी लागे. ती का करावी लागते याचा विचार पुंजारामच्या मनात आलाच नाही, की आला आणि त्याने तो गिळला, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

*

मुंग्या लग्नानंतर तिसऱ्या वर्षी सुरू झाल्या.

विजयमाला भाकरी थापता थापता दचकून लुगडं वर करायची आणि डावी पोटरी झटकायची. तिथे काही नसायचं. कधी मांडीवरून कोमट पाणी ओघळल्यासारखं व्हायचं. ती हात लावून बघायची तर लुगडं कोरडं. कधी घोट्याला कुणी ओल्या दोरीने आवळतंय असं वाटायचं. एखादीला ताप आला तर कपाळाला हात लावून बघता येतो, पोट फुगलं तर डोळ्यांना दिसतं. हिचं दुखणं हिच्याशिवाय कुणाला दिसत नव्हतं, आणि सासरी अशा दुखण्याला एकच नाव असतं, ढोंग.

"कामाचं नाव काढलं की हिच्या पायात मुंग्या," साळूबाई शेजारणींना सांगायची. "मला बी येत्यात की. मी काय लुगडं झटकत बसती व्हय?"

तरी साळूबाईने उपायांत कसर ठेवली नाही. लिंबू उतरवलं, अंगारा लावला, पोटरीला बिब्ब्याचे डाग दिले. डॉक्टरही झाले. एकाने ब्लाऊजवरूनच नळी लावली आणि ताकदीची इंजेक्शनं दिली. दुसऱ्याने गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली आणि उत्तमरावाला बाजूला घेऊन सांगितलं, की बायकोच्या मनाचे खेळ आहेत, मूलबाळ झालं की जाईल. त्यांचं तरी काय चुकलं? समोर बसलेल्या बाईची पाठ पट्टी लावल्यासारखी सरळ होती.

लढाईच्या हिवाळ्यात विजयमाला माहेरी आली होती. पुंजारामच्या दुकानात खाकीचे ढीग छताला टेकलेले, दिव्याला ब्लॅकआऊटसाठी काळा कागद लावलेला, आणि मशीनवरून उठायला सवड नाही. ती येऊन त्याच्याजवळ काज करायला बसली. दोन काजं करून झाली. मग दोरा तोडत म्हणाली,

"दादा, एक इचारू?"

"इचार की."

"ह्या मुंग्या माझ्या पाठीमुळं तर नसतील?"

मशीन थांबलं. पुंजारामने सुईखालचं कापड उगीच सारखं केलं.

"पाठीचा अन् पायाचा काय संबंध? पाठ हितं, पाय तिथं."

"न्हाई, आपलं मला वाटलं. निजून कूस बदलली की जास्ती व्हतं. वाकलं की व्हतं. म्हनून म्हनलं, डाक्टरला सांगावं का."

"डाक्टरला सांगशील, तो जावईबापूला सांगंल, ते सासूला सांगतील. मंग तुला हितं आनून घालतील. फसवून पोरगी दिली म्हनतील. तुला नांदायचंय का न्हाई?"

विजयमालाने मान खाली घातली आणि पुढचं काज घेतलं. बापाचा शब्द तिला डॉक्टरच्या शब्दाइतकाच होता. आतून भागूबाई हे सगळं ऐकत होती. पुंजारामने पुन्हा मशीन सुरू केलं, आणि त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त वेळ चाललं.

*

यंदा दुष्काळाने विहिरी आटल्या. संगमनेरला पाण्यासाठी लांब जावं लागे. हंडा घेऊन येताना विजयमाला पडायला लागली. पाय अडखळायचा, पुढचा अंगठा जमिनीला घासायचा. साळूबाईनेसुद्धा ढोंग हा शब्द हळूहळू सोडून दिला, कारण दुष्काळात भरलेला हंडा कुणी ढोंगासाठी सांडत नाही. उत्तमरावाने रजा टाकली आणि बायकोला भिंगारला घेऊन आला.

सकाळी निघताना भागूबाईने नवऱ्याला मोरीपाशी गाठलं. "आज तरी तोंड उघडा," एवढंच ती म्हणाली. पुंजारामने टोपी झटकली आणि बाहेर पडला. वाटेत विजयमाला टांग्यात त्याच्या शेजारी बसली होती. "दादा, आता मुंग्या येत न्हाईत बरं का," ती म्हणाली, "संक्रांतीपासनं बंदच झाल्यात." ते ऐकून त्याला केवढं हलकं वाटलं होतं. मग बोलायची गरजच काय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

आता तो बाकावर बसला होता आणि पडद्याआडून आवाज येत होते. डॉक्टरांनी उत्तमरावाला आत बोलावून घेतलं होतं.

"हा पाठीचा बाक तुमच्या लक्षात कधी आला?" डॉक्टरांचा आवाज.

पुंजारामने डोळे मिटले. ज्या घटकेला तो इतकी वर्षं भीत आला होता ती हीच. आता जावई पडद्याबाहेर येईल आणि सगळ्या दवाखान्यादेखत आपली टोपी उडवील, अशा तयारीने तो बसून राहिला.

"लग्नाच्या महिन्यातच," उत्तमराव आत म्हणाला. "मला ठाऊक हुतं."

"मग आधीच्या डॉक्टरांना सांगितलं का नाही?"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग डॉक्टरांचा विजयमालाशी बोलण्याचा आवाज आला. "डोळे मिटा. टोचलं की सांगा. इथं?" "व्हय." "इथं?" "व्हय." "इथं? ... इथं? ... आणि इथं?" पुढे तिचा आवाज आलाच नाही.

थोड्या वेळाने डॉक्टर हात पुसत बाहेर आले. वयाने फार नव्हते, चेहऱ्यावर थकवा होता. बाहेर रांग लागलेली, तरी ते पुंजारामपाशी थांबले. पुंजाराम उठून उभा राहिला. त्याने टोपी हातात घेतली होती.

"डाक्टर, पाठीमुळं पायाला असं व्हतं का?" त्याने विचारलं. हा प्रश्न त्याचा नव्हता. तो पोरीचा होता, आणि दीड वर्षांपूर्वी तो त्याने मशीनखाली दाबून टाकला होता.

"होऊ शकतं," डॉक्टर म्हणाले. "पायाच्या नसा पाठीतूनच निघतात. कणा फार वळला तर एखादी दाबली जाऊ शकते. सगळ्यांचं होतं असं नाही. कितीतरी माणसं असा बाक घेऊन म्हातारी होतात, त्यांना काही होत नाही. तुमच्या मुलीला त्यानंच झालं की आत आणखी काही आहे, ते एक्स-रे फोटो काढल्याशिवाय सांगता येणार नाही. कदाचित पुण्याला न्यावं लागेल."

"पर आता मुंग्या थांबल्यात की."

डॉक्टरांनी हात पुसायचे थांबवले. "मुंग्या येत होत्या तोवर नस ओरडत होती," ते म्हणाले. "आता ती गप्प झाली आहे. पायाला संवेदना उरलेली नाही. वाढत्या वयात आणलं असतंत तर पाठीला पट्टा लावता आला असता. निदान मुंग्या सुरू झाल्या तेव्हा कुणीतरी पाठ बघायला हवी होती. आता पुण्याला जे होईल ते याहून वाढू नये म्हणून. गेलेलं परत येईल असं मी म्हणत नाही."

ते पुढच्या रोग्याकडे गेले. त्यांनी एक शब्दही चढ्या आवाजात उच्चारला नव्हता. पुंजारामला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

फोटो काढायला विजयमालाला आत नेलं होतं. सासरा आणि जावई बाहेर लिंबाखाली उभे राहिले. उत्तमरावाने विडी काढली, सासऱ्यासमोर ओढायची कशी म्हणून पुन्हा खिशात ठेवली.

"जावईबापू," पुंजाराम म्हणाला, "तुमाला ठाऊक हुतं?"

"व्हय मामा."

"मंग बोलला का न्हाई?"

उत्तमराव चपलेने माती उकरत राहिला. सासऱ्याशी बोलायचा हा विषय नव्हता. "हात लागला पाठीला," तो शेवटी म्हणाला. "ती लगीच अंग चोरून भिंतीला टेकली. काय बोलली न्हाई. मी म्हनलं, हिला सांगायचं न्हाई तर आपन कशाला उकरा. रडंल उगं."

"अन् आईला?"

"आईला कशाला सांगू? आईचं तोंड तुमाला ठाऊक हाय. मला काय त्याचं वाईट वाटलं न्हवतं मामा. माझी ड्युटी कदी कुठं, कदी कुठं. घरी गेलो की ती जागी असायची, ताट वाढायची. पाठ वाकडी का सरळ, मला काय करायचंय?"

पुंजाराम लिंबाच्या पाराच्या दगडावर बसला.

"पर डाक्टरनं मनाचं म्हनलं, तवा तरी सांगायचं."

"तोंडावर आलं हुतं," उत्तमराव म्हणाला. "मंग वाटलं, मी बोललो तर तुमी लपवलं असं हुईल. तुमी एवढ्या कष्टानं शिवून पाठवता. तुमची अब्रू जाईल म्हनून गप ऱ्हायलो." विडीचा खिसा चाचपत तो म्हणाला, "अन् पाठीचा पायाशी काय संबंध, असं मला बी वाटलं."

ज्या माणसापासून पोरीची पाठ झाकायला पुंजारामने एवढी वर्षं कापूस पिंजला, तो माणूस पहिल्या महिन्यापासून सगळं जाणून होता, आणि उलट सासऱ्याचीच अब्रू झाकत बसला होता. बाप, पोर, जावई, तिघांनाही ठाऊक होतं, तिघांनीही एकमेकांसाठी तोंड शिवून घेतलं होतं. त्यात कुणाचं भलं झालं असेल तर ते शोधून काढावं लागेल. पुंजारामला भयंकर लाज वाटली. चोरी उघडी पडल्याची लाज तो ओळखून होता, तिची तयारीही त्याने केली होती. ही वेगळीच होती. लपवायचं काही कारणच नव्हतं, याची.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

उत्तमराव टांगा बघायला रस्त्याकडे गेला.

विजयमाला बाहेर आली. सिस्टरने तिच्या ब्लाऊजची गादी उसवून काढली होती, फोटोत आड येते म्हणून. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलेला, तरी डावा खांदा उतरलेला दिसत होता. उन्हात ती पुंजारामला एकदम बुटकी आणि म्हाताऱ्या बाईसारखी वाटली. वय तर तिचं अजून पंचविशीच्या आतलं.

"ह्ये कुठं गेले?" तिने विचारलं.

"टांगा बघायला. चल, आपन हळूहळू जाऊ."

दोघं निघाली. ती पुढे, तो मागे. रस्त्याच्या कडेला कापडाची दुकानं होती. ओट्यावर मशीन टाकून बसलेले दोघे-तिघे शिंपी पुंजारामच्या ओळखीचे, त्यातल्या एकाने हात वर करून रामराम घातला. पुंजारामने रामराम घेतला आणि पुढे पाहिलं तर रस्त्यावर विजयमालाची डावी चप्पल पडलेली होती. विजयमाला पुढे चालली होती. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, तापलेल्या डांबरावर. तिला पत्ताच नव्हता.

त्याने चप्पल उचलली. भराभर चालत त्याने तिला गाठलं आणि दंडाला धरून थांबवलं.

"काय झालं दादा?"

तो खाली बसला. भर बाजारात, रस्त्याच्या मधोमध, गुडघे टेकून. तिने दचकून खाली पाहिलं, त्याच्या हातातली चप्पल पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"दादा, उठा. मी घालती. लोक बघत्यात."

"बघू दे," पुंजाराम म्हणाला.

ओट्यावरची मशिनं थांबली होती. विजयमालाने पदर सारखा केला, बापाच्या खांद्यावर एक हात टेकवला आणि ताठ मानेने समोर बघत उभी राहिली. पुंजारामने तिचा पाय हातात घेतला. तळवा भाजून लाल झाला होता, अंगठ्याची कड घासून सोलली होती. त्याने धोतराच्या सोग्याने माती पुसली, अंगठा चपलेत बसवला, पट्टा टाचेवर ओढला आणि पाय दोन्ही हातांनी दाबून धरला. मग वर तिच्या तोंडाकडे बघितलं.

ती अजून समोरच बघत होती.

"घातली का, दादा?" तिने विचारलं.